मालकाशी शेवटी बोला

मे महिना लागला की मला येणाऱ्या पत्रांत भाड्याच्या घराचीच पत्रं जास्त असतात. बदल्यांच्या ऑर्डरी निघालेल्या असतात, कॉलेजच्या प्रवेशांची धांदल असते, लग्नं उरकून नवी जोडपी वेगळं बिऱ्हाड मांडायच्या बेतात असतात. जे हे पान पहिल्यांदाच वाचताहेत त्यांच्यासाठी सांगते : मी सांगलीत दुय्यम निबंधक कार्यालयाच्या बाहेर आधी टाइपरायटर आणि मग कॉम्प्युटर घेऊन बसत असे. खरेदीखतं, बक्षीसपत्रं, गहाणखतं, भाडेकरार हेच माझं काम. मी वकील नाही. पण टेबलाच्या अलीकडे मालक, पलीकडे भाडेकरू आणि मध्ये मी, असं बसून बरंच ऐकलं आहे. नावं गाळून काही पत्रं इथं घेतली आहेत.

प्रश्न : काकू, मी लातूरचा. बँकेत नोकरीला आहे, जूनपासून सांगलीला बदली झाली आहे. गावभागात तळमजल्यावर दोन खोल्या आणि स्वयंपाकघर ७,००० रुपयांत मिळतंय, बँक चालत जाण्याच्या अंतरावर. दुसरीकडे विश्रामबागेत दुसऱ्या मजल्यावर फ्लॅट आहे, भाडं ११,०००. एजंट म्हणतो, "गावभागात पाणी एकदाच आलं, २०१९ ला. आता काय येत नाही." घरात बायको, चार वर्षांची मुलगी आणि गुडघ्यांनी त्रासलेल्या सासूबाई. कुठलं घर घेऊ?

उत्तर : एजंटानं तुम्ही लातूरचे आहात हे बघून ठोकून दिलंय. २०१६ च्या उन्हाळ्यात तुमच्या गावाला मिरजेतून रेल्वेनं पाणी न्यावं लागलं होतं, त्यामुळं घरात पाणी शिरतं का हा प्रश्न तुम्हाला सुचणार नाही असं त्याला वाटलं असावं. सुचला हे बरं झालं.

पाणी एकदा आलेलं नाही. २००५ ला आलं, २०१९ ला आलं, २०२१ ला आलं. आमच्याकडं पुराचं माप म्हणजे आयर्विन पूल. कृष्णेवरचा १९२९ सालचा पूल, त्याच्यावर फुटांच्या खुणा आहेत. ४० फुटाला इशारा, ४५ ला धोका. २०१९ च्या ऑगस्टमध्ये ते ५७ फुटांच्या वर गेलं होतं. जुलै-ऑगस्टमध्ये सांगलीत दोन माणसं भेटली की चहा नंतर, आधी "आयर्विनला किती झालं?" हे विचारतात. वर कोयना धरणातून किती सोडलं, खाली कर्नाटकातल्या अलमट्टी धरणातून पुढं किती जातंय, हे इथल्या शाळकरी पोरालाही माहीत असतं. आणि कृष्णा एकटी वाढत नाही. शहराला लागूनच हरिपूरला वारणा तिला मिळते, पुढं नरसोबाच्या वाडीला पंचगंगा. तिन्ही एकदम भरून आल्या की पाणी पुढं सरकायचं नाव घेत नाही, मागं फुगत येतं. म्हणून सांगलीचा पूर लोंढ्यानं येत नाही, पायरी पायरीनं चढतो. आणि उतरायलाही तितकाच वेळ घेतो.

आता घर कसं बघायचं ते सांगते. मालकाशी शेवटी बोला. आधी गल्लीच्या तोंडाशी किराणा दुकान असेल तिथं जा, काडेपेटी घ्या आणि विचारा, "पाणी कुठवर आलं होतं हो?" दुकानदार तोंडानं सांगणार नाही, हातानं दाखवेल. शटरवर, खांबावर, नाहीतर स्वतःच्या छातीवर. मग पुढचा प्रश्न, आणि हा इथल्या माणसालाच सुचतो : "ह्या घराच्या पायरीला किती फुटाला लागतं?" नदीकाठच्या भागात प्रत्येकाला आपल्या पायरीचा आकडा पाठ असतो. कुणाचा ४४, कुणाचा ४८, कुणाचा ५२. सूर्यवंशी प्लॉट, इनामदार प्लॉट, दत्तनगर, काकानगर, कर्नाळ रोडचा भाग इथं सगळ्यांत आधी पाणी येतं. गावभागात गल्लीगल्लीत फरक आहे, म्हणून आकडा विचारल्याशिवाय पुढं जाऊ नका.

त्यानंतर घरात गेलात की भिंतींकडं बघा. लाइटचे बोर्ड नेहमीच्या उंचीवर आहेत की डोक्याच्या वर नेलेत? मीटर कुठं बसवलाय? कमरेपर्यंतचा गिलावा नवा आणि वरचा जुना दिसतो का? दाराच्या चौकटी तळाशी फुगून पोपडे आलेत का? खालच्या हातभर भागाला ऑइलपेंट आणि वर साधा डिस्टेंपर असेल तर ती काही मालकाची हौस नव्हे. आणि मालकाचं कुटुंब वर राहून फक्त तळमजलाच भाड्यानं देत असेल, तर त्यातून काय समजायचं ते तुम्ही समजालच.

तुमच्या बाबतीत माझं मत स्पष्ट आहे. गुडघे दुखणाऱ्या सासूबाई आणि लहान मूल घेऊन गावभागातला तळमजला घेऊ नका. पहिला मजला मिळाला तर? पाणी घरात येणार नाही, पण खाली जिना पाण्यात, लाइट बंद, नळ बंद, आणि सासूबाईंना बोटीत उतरवायचं कुणी? तरण्याताठ्या जोडप्याला मी गावभाग आनंदानं सुचवीन. गणपतीचं देऊळ जवळ, मंडई जवळ, संध्याकाळी घाटावर बसायला जागा, शेजारी हाकेच्या अंतरावर. विश्रामबागेत हे मिळत नाही. पण तुम्ही विश्रामबाग घ्या. फक्त लिफ्ट आहे का, आणि असली तर चालते का, ते स्वतः वर-खाली करून बघा. चार हजारांचा फरक जड जात असेल तर वानलेसवाडी किंवा कुपवाड रस्त्याच्या बाजूला चौकशी करा. शामरावनगर स्वस्त मिळेल, पण तिथली काळी माती आणि तुंबणारं पावसाचं पाणी हे वेगळंच प्रकरण आहे. तिकडं घर बघायचं तर भर उन्हात बघू नका, एक दणक्याचा वळीव झाल्यावर दुसऱ्या दिवशी जा. गाडी कुठवर नेता येते ते कळेल.

आणि इतकं सांगूनही कुणी खालचं घर घेणारच असेल, तर करारात दोन ओळी घालून घ्या : पुरामुळं घर सोडावं लागलं तर तेवढ्या दिवसांचं भाडं नाही, आणि सामान ठेवायला वरच्या मजल्यावर जागा मालक देईल. मालकानं घराचा विमा काढला असला तरी त्यात तुमचा फ्रिज आणि कपाट येत नाही, घरातल्या सामानाचा विमा भाडेकरूनं वेगळा काढायचा असतो. पंचनाम्याला माणसं येतात तेव्हाही तुम्ही तिथंच राहता याचा कागद मागतात. त्या वेळी नोंदणी केलेला करार हाताशी असावा, आणि तोही पाण्यात नव्हे. मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा.

प्रश्न : आम्ही मांसाहारी आहोत. घर आवडलंय, पण मालक विचारतायत. "खात नाही" म्हणून सांगून टाकू का? (मिरज)

उत्तर : सांगू नका. घर मिळेल, पण मग दर रविवारी खिडक्या लावून रस्सा उकळावा लागेल, आणि हाडं पिशवीत घालून चोरासारखी चौकापर्यंत न्यावी लागतील. सुकट भाजायचा विचार तर सोडूनच द्या. असं विचारणारे मालक बहुतेक त्याच इमारतीत राहणारे असतात. ज्याचा मालक पुण्यात किंवा परदेशात आहे असं घर शोधा, तिथं तुमच्या कढईत काय आहे हे कुणी बघत नाही.

प्रश्न : खरं भाडं ११,५०० ठरलंय. मालक म्हणतात करारात ८,३०० लिहू, बाकीचे रोख द्या. नवऱ्याला ऑफिसात घरभाडं दाखवायचं आहे. काही बिघडतं का? (विश्रामबाग, सांगली)

उत्तर : हा ८,३०० चा आकडा कुठून आला ते आधी बघा. बारा महिन्यांचं भाडं एक लाखाच्या वर गेलं की नोकरदाराला घरभाडे भत्त्याच्या सवलतीसाठी मालकाचा पॅन नंबर द्यावा लागतो. ८,३०० गुणिले १२ म्हणजे ९९,६००. मालकांना पॅन द्यायचा नाही, म्हणजे उत्पन्न दाखवायचं नाही. त्यांचा कर वाचावा म्हणून महिना ३,२०० रुपये बिनपावतीचे तुम्ही का द्यायचे? उद्या वाद झाला तर त्या रोखीचा पुरावा तुमच्याकडं काहीच नाही. शिवाय ही सवलत फक्त जुन्या कर पद्धतीत मिळते. तुमच्या यजमानांनी नवी पद्धत निवडली असेल तर त्यांना ८,३०० चाही उपयोग नाही. आधी ते विचारा, मग मालकांना सरळ सांगा : लिहायचं तर पूर्ण लिहा, आणि भाडं बँकेतून जाईल.

प्रश्न : आम्ही तिघी मैत्रिणी मिरजेत एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काम करतो. दोन खोल्यांचं घर मिळतंय, ९,००० भाडं, ३०,००० डिपॉझिट. मालक म्हणतात, "पोरींनो, करारबिरार कशाला, आधारची झेरॉक्स द्या, बास." फार झालं तर स्टॅम्पवर नोटरी करू म्हणतात. लाइट सबमीटरवर, युनिटला १२ रुपये. मालक स्वभावानं चांगले वाटतात. घ्यावं का?

उत्तर : बाळांनो, चांगला स्वभाव करारात बसत नाही, म्हणून तर करार करायचा. "चांगले वाटतात" असं म्हणणारेच लोक मला नंतर भेटायचे.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ चा, ३१ मार्च २००० पासून लागू आहे. त्याचं कलम ५५ सांगतं की भाडेकरार लेखी पाहिजे आणि नोंदवलेला पाहिजे, आणि तो नोंदवायची जबाबदारी मालकाची आहे. नाही नोंदवला तर मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे, नोंदवलेला करार नसेल आणि अटींवरून भांडण झालं, तर उलट सिद्ध होईपर्यंत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरतात. म्हणजे कागद न केल्यानं जास्त अडकतो तो मालक. हे त्यांना हसत हसत सांगा, भांडत नाही. मी कित्येक मालकांना हे वाक्य ऐकवलंय आणि ते खुर्ची पुढं ओढून बसलेत.

अकरा महिन्यांचा करार नोंदवायला लागत नाही हा समज गावोगाव आहे. तो नोंदणी कायद्यातल्या एक वर्षाच्या अटीवरून आलाय. आपल्या राज्यात अकरा महिने असोत की तीन वर्षं, नोंदणी लागते. नोटरीचा शिक्का म्हणजे नोंदणी नव्हे.

खर्च किती? स्टॅम्प ड्युटी एकूण रकमेच्या पाव टक्का. तुमचं गणित मांडते : ९,००० गुणिले ११ म्हणजे ९९,०००. डिपॉझिटवर वर्षाला दहा टक्के व्याज धरतात, ३०,००० वर अकरा महिन्यांचे २,७५०. दोन्ही मिळून १,०१,७५०, त्याचा पाव टक्का म्हणजे अडीचशेच्या घरात. महापालिका हद्दीत नोंदणी फी १,०००. ऑनलाइन करून देणारा घरी मशीन घेऊन येतो, अंगठे घेतो, त्याची मजुरी वेगळी. तिघी आणि मालक मिळून वाटून घेतलं तर एकीच्या वाट्याला येणारी रक्कम तुमच्या महिन्याच्या चहाइतकी नसेल.

करारात तिघींची नावं घाला. एकीच्याच नावावर केलं आणि तिचं लग्न ठरलं, की उरलेल्या दोघी उपऱ्या. एक जण मध्येच गेली तर डिपॉझिटमधला तिचा हिस्सा कोण देणार, हेही आपसांत आत्ताच लिहून ठेवा. मैत्रीत हे बोलायला जड जातं, नंतर जास्त जड जातं. पोलिसांकडं भाडेकरूची माहिती मालकानं द्यायची असते, ऑनलाइन देता येते. ती दिल्याची पावती मागून घ्या.

आता १२ रुपये युनिट. महावितरणचे दर टप्प्यानं वाढतात : पहिली शंभर युनिटं स्वस्त, तीनशेपर्यंत महाग, पुढं आणखी. मालकाचं आणि तुमचं एकाच मीटरवर असलं की दोघांचं मिळून वरच्या टप्प्यात जातं आणि तो भार सबमीटरवाल्याच्या डोक्यावर येतो. त्यांचं गेल्या महिन्याचं बिल मागा. एकूण रक्कम भागिले एकूण युनिट, जो दर निघेल तो द्या, ठोक बारा नाही. बिल दाखवायला खळखळ केली तर स्वभावाबद्दल पुन्हा विचार करा. आणि उद्या काही बिनसलं म्हणून त्यांनी लाइट किंवा पाणी तोडलं तर ते बेकायदा आहे, त्याच कायद्याच्या कलम २९ खाली दाद मागता येते.

घर बघताना बाथरूमची कडी, मागच्या दाराचा बोल्ट आणि रात्री दहानंतरचा रस्ता हे तिन्ही बघितलं का? तुमच्या पत्रात त्याबद्दल एक अक्षर नाही. रात्रपाळी करून रिक्षातून उतरल्यावर दारापर्यंत दिवा आहे का, ते एकदा अंधार पडल्यावर जाऊन बघा. आधीच्या भाडेकरूचा नंबरही मिळवा. ते घर का सोडलं, हे तिच्याइतकं खरं कुणी सांगणार नाही.

प्रश्न : ताई, मी माधवनगरला राहते. हे गेल्यावर वरचा मजला रिकामाच आहे. मुलगा पुण्यात. भाड्यानं द्यावं तर शेजारच्या वहिनी म्हणतात, "बारा वर्षं राहिला की घर त्याचं होतं, म्हणून अकरा महिन्यांत हाकलायचं असतं." मला रात्रीची झोप लागत नाही. खोल्या तशाच ठेवू का?

उत्तर : अक्का, झोपा शांत. वहिनींनी दोन-तीन कायदे एकत्र कालवलेत. बारा वर्षांची गोष्ट आहे ती मालकाच्या परवानगीशिवाय, उघडपणे, मालकी सांगत कब्जा धरून बसणाऱ्याची. तुमच्या परवानगीनं, भाडं देऊन राहणारा माणूस बारा काय, वीस वर्षं राहिला तरी त्यानं घर त्याचं होत नाही. आणि कसणाऱ्याची जमीन हा नियम शेतीचा, तुमच्या वरच्या मजल्याला तो लागत नाही.

जुन्या वाड्यांतले पागडीचे भाडेकरू, महिना साठ रुपये देऊन पिढ्यान्पिढ्या बसलेले, हे तुम्ही डोळ्यांनी बघितलंय. भीती तिथून आलीये. त्यावर उपाय म्हणजे 'लिव्ह अँड लायसन्स' करार, म्हणजे ठरल्या मुदतीपुरती नुसती राहायची परवानगी देणारा. तो नोंदवलेला असला आणि मुदत संपूनही माणूस हलत नसला, तर नेहमीच्या दिवाणी दाव्यात न जाता भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडं अर्ज करता येतो, आणि मुदतीनंतर तो जितके दिवस बसेल तितक्या दिवसांचे ठरलेल्या रकमेच्या दुपटीनं पैसे मागता येतात. पण हे सगळं करार असेल तरच. तोंडी बोलीवर दिलंत तर मी वर मिरजेच्या पोरींना जे सांगितलं ते तुमच्या विरुद्ध जाईल.

खोल्या तशाच ठेवू नका. बंद घराला पाली आणि ओल लागते, आणि तुम्हालाही वर कुणाची तरी पावलं वाजलेली बरी वाटतील. माधवनगर-बुधगाव भागात शिक्षक आणि नर्स खूप राहतात. एखादं लहान कुटुंब बघा. जिना बाहेरून आहे ना? नसेल तर देण्याआधी तो बाहेरून काढून घ्या, नाहीतर रोज तुमच्या स्वयंपाकघरातून त्यांची ये-जा होईल आणि मग झोप खरंच उडेल.

प्रश्न : मी जत तालुक्यातला, पूर्व भागातला. कुपवाड एमआयडीसीत नोकरी. वडील गेल्यावर आईला सांगलीला आणलं, शंभर फुटी रोडजवळ तिसऱ्या मजल्यावर भाड्याचा फ्लॅट आहे. घर चांगलं आहे, चोवीस तास नळ आहे. मी आणि बायको तिला काही काम करू देत नाही. पण आई रमत नाही. दिवसभर दार उघडं टाकून दारात बसते. रात्री उठून सगळी भांडी पाण्यानं भरून ठेवते. घरी आम्ही कानडी बोलतो, इथं तिला बोलायला कुणी नाही. "तुरुंगात आणून टाकलंस" म्हणते. दुसरं घर बघू का?

उत्तर : दादा, भांडी भरू द्यात. ज्या बाईनं उभा जन्म टँकरची वाट बघत घालवला तिला नळावर विश्वास बसायला वेळ लागणार. तुमच्या बायकोला त्याचा त्रास होत असेल, सकाळी ओट्यावर पाय ठेवायला जागा नसते, हे कळतं मला. आईंना एक पिंप आणून द्या आणि सांगा, हे तुमचं, बाकीची भांडी सुनेची. मग त्या पिंप भरतील आणि झोपतील.

दाराचंही तसंच. त्यांना घर बंद करून बसायची सवय नाही. गावात उंबऱ्यावर बसलं की अख्खी गल्ली येता-जाता बोलते. इथं समोरच्या दाराला तीन कड्या आणि बाहेर चपलांचं कपाट. जिन्यात बसून कोण बोलणार? त्यांना खाली न्या. दुपार कलली की बिल्डिंगच्या गेटपाशी एक खुर्ची टाकून द्या, किंवा पार्किंगमध्ये सावलीला. भाजीवाला, दूधवाला, शाळेतून येणारी पोरं, सगळे तिथूनच जातात. पहिले आठ दिवस बघतील, नवव्या दिवशी भाजीवाल्याला "वांगी किडकी दिलीस" म्हणतील. झालं काम. मी हे माझ्या सासूच्या बाबतीत बघितलंय. त्या तासगावच्या मळ्यातून आल्या होत्या, आणि महिन्याभरात कुणाची सून माहेरी गेली आणि का, हे त्यांच्याकडून मला कळायला लागलं.

दळण त्यांच्याकडं द्या. ज्वारी गावाकडून येते ना? गिरणीत त्यांना स्वतः जाऊ द्या, डबा तुम्ही उचला पण दळून होईस्तोवर थांबायचं त्यांनी. गिरणीत बायका थांबतात, बोलतात. आणि घरात भाकरी त्यांनाच थापू द्या. पत्रात तुम्ही लिहिलंय, "तिला काही काम करू देत नाही." तिथं गाडं अडलंय.

कानडीचं म्हणाल तर सांगली-मिरजेत कानडी बोलणाऱ्याला तोटा नाही. तुमच्याच रस्त्यावर चौकशी करा : वॉचमन विजापूरकडचा निघेल, इस्त्रीवाला अथणीचा निघेल. मिरजेच्या दवाखान्यांत तर निम्मे पेशंट कर्नाटकातून येतात की काय असं वाटतं. कुणी एक जण त्यांना "ऊट आयतेनरी", म्हणजे जेवलात का, असं विचारणारा मिळाला पाहिजे, बाकीचं आपोआप होईल. रविवारी आमराईत घेऊन जा, पण मोबाइलवर बोलत फिरू नका.

घर बदलू नका. बदललं तर सगळं पुन्हा पहिल्यापासून. त्याऐवजी गावचं घर बंद करू नका. किल्ली आईंच्या कमरेला राहू द्या. एसटीत बायकांना २०२३ पासून अर्धं तिकीट आहे, आणि पंच्याहत्तरी झालेल्यांना पूर्ण मोफत. महिन्यातून चार दिवस त्या गावी राहून आल्या तर त्यात तुमचा कमीपणा काही नाही. पहिल्या खेपेला तुम्ही सोडायला जा. नंतर फक्त गाडीत बसवून द्यायचं आणि तिकडं कुणाला तरी फोन करायचा. येताना त्या पिशवीभर हुलगं आणि शेंगा घेऊन येतील, त्यातलं थोडं समोरच्या तीन कड्यांच्या दाराआड पाठवा. त्यांच्या हातूनच.

प्रश्न : तीन वर्षं सांगलीत भाड्यानं राहून आम्ही विट्याला परत आलो. डिपॉझिट ४०,००० होतं. मालकांनी रंगाचे १४,००० आणि साफसफाईचे ३,००० कापून २३,००० दिले. आम्ही घर स्वच्छ करून दिलं होतं. करार नोंदवलेला आहे. काही करता येईल का?

उत्तर : येईल. आधी करार काढून वाचा. "घर सोडताना रंगकाम भाडेकरू करून देईल" अशी ओळ त्यात असेल तर तुमची बाजू लंगडी होते. पुष्कळ छापील नमुन्यांत ती असते आणि सही करताना कुणी वाचत नाही. ओळ नसेल तर तीन वर्षांत भिंतींचा रंग उतरणं ही वापराची झीज आहे, ती भाड्यातच आली. खिळ्यांनी भिंत फोडली, बेसिन तडकवलं, दार मोडलं, तर ते नुकसान. त्याचे पैसे मालकानं कापावेत, पण बिल दाखवून.

तर बिल मागा. फोनवर नको, तोंडी बोललेलं वाऱ्यावर जातं. साधं पत्र लिहा : अमुक तारखेला ताबा दिला, अमुक रक्कम कापली, कशाचे पैसे कापले त्याचं बिल आणि फोटो पंधरा दिवसांत पाठवावेत, नाहीतर १७,००० परत करावेत. स्पीड पोस्टानं पाठवा, पोचपावती जपून ठेवा, त्याचाच फोटो व्हॉट्सॲपवरही टाका. पुष्कळदा प्रकरण इथंच मिटतं, कारण रंग दिलेलाच नसतो. त्या घरात आता नवा भाडेकरू आला असेल, तुमच्या जुन्या शेजाऱ्यांना फोन करून विचारा की रंगारी आला होता का. आलाच नसेल तर तेही पत्रात लिहा.

पत्रानं काम झालं नाही तर वकिलाची नोटीस. त्यापुढं कोर्टात जायचं का, हे मी सांगणार नाही. १७,००० साठी विट्याहून तारखांना येण्याचं भाडं आणि बुडालेली रजा यांचा हिशेब तुमचा तुम्ही करा. माझ्या टेबलाशी आलेली अशी बहुतेक भांडणं आठ-दहा हजारांवर तुटायची. मालकही घासाघीस करून तिथंच येतात. साफसफाईचे ३,००० मात्र सोडू नका, आणि सुरुवात तिथूनच करा. रंगावर वाद घालता येतो, झाडूवर नाही.

विट्यात आता पुन्हा भाड्यानंच घेतलं असेल तर सामान लावायच्या आधी मोबाइलवर एक व्हिडिओ काढा. प्रत्येक खोली, प्रत्येक नळ उघडून, संडासाची टाकी ओढून, मीटरचा आकडा दिसेल असा. तो त्याच दिवशी मालकांना पाठवा आणि खाली लिहा, "ताबा घेताना घर असं होतं." मागच्या बिलाची थकबाकी आहे का तेही महावितरणच्या ॲपवर ग्राहक क्रमांक टाकून बघून घ्या, आणि डिपॉझिटचा उरलेला हप्ता त्यानंतर द्या.